अंत्यविधीची आगाऊ तरतूद : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात एक विचार

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके वसले आहेत. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्यावर पूर्वेकडील गावांत ऊस, कांदा, टोमॅटो व दुग्धव्यवसाय वाढला. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजाची वस्ती आहे. तेथील कुटुंबांचा निर्वाह मुख्यतः पावसाळी भात, हिरडा आणि हंगामी मजुरी यांवर चालतो. या दोन भागांच्या राहणीमानात पुष्कळ अंतर आहे. तथापि घरात मृत्यू घडला म्हणजे पार पाडावयाच्या कर्तव्यांच्या बाबतीत हे अंतर फारसे राहत नाही.

मृत्यूच्या दिवशी सरण, वस्त्र आणि वाहन यांची व्यवस्था करावी लागते. तिसऱ्या दिवशी सावडण्याचा विधी होतो. दहाव्या दिवशी नदीकाठच्या घाटावर दशक्रिया होते. या भागात दशक्रियेला मोठे सार्वजनिक स्वरूप आले असून भाऊबंद, सोयरे आणि पंचक्रोशीतील मंडळी तेथे जमतात, प्रवचन होते, श्रद्धांजलीची भाषणे होतात. त्यानंतर तेरावा आणि पुढे वर्षश्राद्ध. प्रत्येक पायरीवर थोडाफार खर्च आहेच. ज्याच्या घरी नियमित उत्पन्न आहे त्याला तो जाणवत नाही. ज्याच्या घरी भाताची कापणी अजून दोन महिने दूर आहे, त्याला मात्र त्याच दिवशी कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते.

मृत्यू निश्चित आणि त्याचा दिवस अनिश्चित असल्यामुळे या खर्चाची तरतूद आधी करून ठेवावी, हा विचार सर्व देशांत आणि सर्व काळांत आढळतो. परंतु या तरतुदीत एक विशेष धोका आहे. धान्य, कापड किंवा यंत्र यांच्यासाठी आगाऊ रक्कम देणारा ग्राहक माल हाती येताच तो तपासून घेऊ शकतो. अंत्यविधीसाठी ज्याने पैसे भरले तो मात्र सेवा मिळाली किंवा नाही हे पाहण्यास हयात नसतो. शिवाय पैसे भरणे आणि त्यांचा विनियोग होणे यांत दहा, वीस किंवा तीस वर्षे लोटू शकतात. एवढा काळ दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्यावर कायद्याची देखरेख नसेल, तर चांगल्या हेतूने केलेली तरतूदही वाया जाते. पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी या प्रश्नाकडे लक्ष देणे म्हणूनच आवश्यक आहे.

कर्जाचा जुना धडा

या प्रदेशाने कर्जाचे दुष्परिणाम फार पूर्वी अनुभवले आहेत. आंबेगावच्या पश्चिम भागातील जांभोरीचा होनाजी केंगले याने १८७० नंतरच्या काही वर्षांत सावकारांविरुद्ध उठाव केला आणि १८७६ साली तो पकडला गेला. त्याच सुमारास, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या दंग्यांना तोंड लागले. पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. या घटनांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना साह्य देणारा कायदा करण्यात आला.

या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे एक मत आजही ध्यानात घेण्यासारखे आहे. शेतकरी लग्नकार्यावर उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई. आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते असे नमूद केले. असा खर्च आयुष्यात क्वचित येतो आणि तो तसा बेताचाच असतो. परंतु आधीच अडलेल्या माणसाला तो अचानक करावा लागला म्हणजे कर्जाच्या अटी सावकार ठरवितो, आणि मूळ रकमेपेक्षा या अटीच त्या कुटुंबाला बुडवितात. अंत्यविधीच्या खर्चालाही हेच लागू पडते. म्हणून लोकांनी खर्च कमी करावा एवढा उपदेश करून भागत नाही. अडचणीच्या दिवशी हाती पैसा कोठून येईल, याची व्यवस्था करावी लागते.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने या दिशेने पावले टाकली. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळाची स्थापना झाली. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी १९७६ साली स्वतंत्र अधिनियम करण्यात आला आणि १९७८ पासून खावटी कर्जाची योजना सुरू झाली. गरीब कुटुंबाला बी-बियाण्यांप्रमाणेच घरखर्चासाठीही कर्ज लागते, ही गोष्ट खावटी कर्जाने मान्य केली. पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांत धान्य मिळावे हा तिचा मुख्य हेतू होता. मृत्यूप्रसंगीची निकड मात्र बहुतांशी नातलग, उसनवार आणि खाजगी सावकार यांवरच सोपविलेली राहिली.

सावकारीसंबंधीचा आजचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ होय. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. शेतकऱ्यास तारणावर दिलेल्या कर्जासाठी वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जासाठी १२ टक्के ही व्याजाची कमाल मर्यादा त्या वर्षी ठरविण्यात आली. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतील असल्यास, परत मिळविण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील जी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तेथे १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने, म्हणजे पेसा कायद्याने, आदिवासींना होणाऱ्या कर्जवाटपावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायत यांच्याकडे सोपविण्याची दिशा दिली. राज्याचे याबाबतचे नियम २०१४ साली झाले. कोणाच्या घरच्या दहाव्यासाठी कोणी, किती दराने पैसे दिले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यास तेथे कायद्याचा आधार आहे.

ओतूरचा दावा आणि विधीची निवड

विधीवरील खर्चाचा दुसरा भाग दक्षिणेचा. या बाबतीत जुन्नर तालुक्याचे नाव कायद्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ साली आपल्या घरचे लग्नकार्य सत्यशोधक पद्धतीने, ग्रामजोशांना न बोलाविता पार पाडले. वतनाने आलेला हक्क बुडाला म्हणून जोशांनी फिर्याद केली. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. पुढे १९२६ साली मुंबई विधिमंडळाने या विषयावर कायदाच केला व ज्याला बोलाविले नाही त्याला धार्मिक विधीचे मानधन सक्तीने वसूल करता येणार नाही, असे ठरविले.

हा दावा विवाहाचा असला तरी त्यातून निघालेले तत्त्व अंत्यविधीलाही तितकेच लागू आहे. विधी कोणत्या पद्धतीने, किती आणि कोणाकडून करून घ्यावा, हे ठरविण्याचा अधिकार कुटुंबाचा आहे. म्हणून गावाने किंवा संस्थेने अंत्यविधीसाठी निधी उभारला, तर त्यातून मिळणारे साह्य अमुकच विधी केला पाहिजे या अटीला बांधू नये. कोणी दहन करील, कोणी दफन करील, कोणी दहाव्याचा खर्च शाळेला देणगी म्हणून देईल. निधीचे काम कुटुंबाला त्या दिवसाच्या विवंचनेतून सोडविण्याचे आहे. विधीचे स्वरूप ठरविणे हे त्याचे काम नव्हे.

जगाचा अनुभव

अंत्यविधीसाठी आधीच वर्गणी भरण्याची पद्धत अतिशय प्राचीन आहे. इटलीतील लानुवियम या गावी इसवी सन १३६ मधील एका मंडळीचे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत. प्रवेशासाठी शंभर सेस्टर्स ही नाणी आणि मद्याचा एक कुंभ, दरमहा थोडी वर्गणी आणि सभासद मृत्यू पावल्यास अंत्यविधीसाठी तीनशे सेस्टर्स, असा हा हिशेब होता. ज्याची वर्गणी थकली त्याचा हक्क संपे. गुलामांनाही या मंडळीत प्रवेश होता. इथिओपियातील ‘इद्दिर’ आणि दक्षिण आफ्रिकेतील दफन मंडळ्या आजही याच धर्तीवर चालतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील मजूरवर्गात दफन मंडळ्यांचे जाळे पसरले होते. तेथे गैरप्रकारही झाले. लहान मुलांच्या नावे अनेक मंडळ्यांत वर्गणी भरून त्यांच्या मृत्यूवर पैसा उचलला जातो, असा बोभाटा झाल्यावर १८७५ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मुलासाठी सहा पौंड व दहा वर्षांखालील मुलासाठी दहा पौंड एवढीच मर्यादा घालून दिली. मृत्यूवर मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा फार मोठी असू नये, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर लग्न व अंत्यविधी यांसाठी हप्त्याने पैसे घेणाऱ्या परस्पर साह्य संस्था वाढल्या. १९७२ साली त्यांना कायद्याच्या कक्षेत आणून ग्राहकांकडून आगाऊ घेतलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम सुरक्षित ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. ब्रिटनमध्ये मात्र आगाऊ अंत्यविधी योजनांवर दीर्घकाळ पुरेसे सक्तीचे नियंत्रण नव्हते. मार्च २०२२ मध्ये अशी एक मोठी कंपनी बुडाली. तिच्याकडे सुमारे ४६ हजार लोकांनी योजना घेतल्या होत्या. त्याच वर्षी २९ जुलैपासून तेथील वित्तीय नियामक संस्थेकडे या व्यवसायाचे नियमन सोपविण्यात आले. कायदा येण्यास उशीर झाला आणि त्याची किंमत वृद्ध ग्राहकांना मोजावी लागली.

आपल्याकडील कायदा

भारतात अंत्यविधीच्या आगाऊ योजनांसाठी स्वतंत्र कायदा नाही. शहरांत अशा सेवा देणाऱ्या कंपन्या निघू लागल्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात महाराष्ट्रातील अशाच एका कंपनीचा कक्ष चर्चेचा विषय झाला होता. शहरातील प्रथा खेड्यात येण्यास फार काळ लागत नाही. त्याआधीच कोणते कायदे या व्यवहारास लागू होतात, हे पंचायत सदस्यांनी जाणून घेणे इष्ट होय.

पहिली बाब विम्याची. ‘दरमहा एवढे भरा, मृत्यूनंतर एवढी ठरावीक रक्कम मिळेल,’ असे आश्वासन हा विम्याचाच प्रकार आहे. अशा छोट्या मंडळ्यांतील गोंधळ पाहून १९१२ सालीच प्रॉव्हिडंट विमा मंडळ्यांसाठी कायदा करावा लागला होता. पुढे १९३८ च्या विमा अधिनियमाने हा सर्व विषय एकत्र केला. नोंदणीकृत विमा संस्थेखेरीज इतरांना असा व्यवसाय करता येत नाही. चांगल्या हेतूने स्थापन झालेल्या ग्रामीण मंडळानेही ठरावीक रकमेची हमी देणे टाळले पाहिजे.

दुसरी बाब भिशीची. लिलावाने किंवा सोडतीने रक्कम उचलण्याची भिशी चिट फंड अधिनियम, १९८२ च्या कक्षेत येते व ती चालविण्यास पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते. साखळी पद्धतीने सभासद जमविण्याच्या व बक्षिसाच्या योजनांवर तर १९७८ च्या कायद्याने बंदीच घातली आहे.

तिसरी बाब आगाऊ सेवेच्या रकमेची, आणि येथेच बारकाईने पाहावे लागते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा मालासाठी किंवा सेवेसाठी घेतलेल्या खऱ्याखुऱ्या आगाऊ रकमेला सहसा ठेव मानीत नाही. या सवलतीचा आधार घेऊन ‘ही ठेव नव्हे, सेवेचे आगाऊ शुल्क आहे,’ असे कोणीही म्हणू शकेल. तथापि कंपन्यांच्या ठेवींविषयीचे २०१४ चे नियम असे सांगतात की, आगाऊ रक्कम स्वीकारल्यापासून ३६५ दिवसांच्या आत माल वा सेवा देऊन तिचा विनियोग झाला पाहिजे, एरव्ही ही सवलत राहत नाही. अंत्यविधीचे पैसे वर्षाच्या आत खर्ची पडतील असे कोण सांगणार? तेव्हा वर्षानुवर्षे असे पैसे बाळगणारी कंपनी ठेवींच्या नियमांतून सहज सुटू शकत नाही.

महाराष्ट्रातील नागरिकाला आणखी एक आधार आहे. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणाऱ्या १९९९ च्या राज्य अधिनियमात ठेवीची व्याख्या व्यापक आहे. रोख रकमेच्या, वस्तूच्या किंवा ठरावीक सेवेच्या रूपाने परत करावयाचा पैसादेखील तीत येतो. वित्तीय संस्थेने वचन मोडले, तर तिची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे परत करण्याची तरतूद या कायद्यात आहे. याखेरीज सेवेत कसूर झाल्यास वारसांना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी पावती लागते आणि ती कोठे आहे हे घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक असावे लागते.

तीन वेळचा पैसा

उपाय सुचविताना एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मृत्यूनंतर तीन निरनिराळ्या वेळी पैसा लागतो आणि तिन्हींसाठी एकच साधन पुरे पडत नाही.

पहिला पैसा काही तासांत लागतो. सरण, वाहन आणि वस्त्र यांसाठी कोणतीही विमा कंपनी किंवा शासकीय कार्यालय इतक्या त्वरेने रक्कम देऊ शकत नाही. येथे गावाचा निधी किंवा गावाने आधी साठविलेले सामानच उपयोगी पडते.

दुसरा पैसा दहाव्या-तेराव्यापर्यंत लागतो. घरातील बचत, बचत गटातील कर्ज किंवा प्राथमिक सहकारी संस्थेच्या सभासद कल्याण निधीतील साह्य येथे कामी येते. घरच्या अन्य व्यक्तीच्या जनधन खात्यावर पात्रतेनुसार १० हजार रुपयांपर्यंत मिळणारी अधिकर्षाची सोयही काही कुटुंबांना उपयोगी पडेल.

तिसरा पैसा कागदपत्रे पूर्ण झाल्यावर येतो आणि त्यावरच घराची घडी पुन्हा बसते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाची कमावती व्यक्ती मृत्यू पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकरकमी मिळतात. अर्ज तहसील कार्यालयाकडे करावयाचा असतो. ही योजना १९९५ साली सुरू झाली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वर्षांच्या खातेदाराला प्रवेश मिळतो व वार्षिक ४३६ रुपयांच्या हप्त्यावर दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण आहे. नोंदणीकृत बांधकाम कामगाराच्या वारसांना राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून अंत्यविधीसाठी स्वतंत्र साह्य मिळते. मजुरीसाठी नारायणगाव, मंचर किंवा चाकणकडे जाणाऱ्या कामगारांनी ही नोंदणी चुकवू नये.

तिसरा पैसा निश्चितपणे येणार असेल, तर पहिला व दुसरा पैसा देणाऱ्यालाही विश्वास वाटतो. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला आहे, वारसाचे नामनिर्देशन बँकेत नोंदले आहे आणि कागद घरात सापडतात, एवढ्या गोष्टी आधी झाल्या असतील तर सावकाराकडे जाण्याची पाळी बहुधा येत नाही.

गावनिधी कसा असावा

गावनिधीचा हिशेब उदाहरणादाखल पाहू. १२० घरांच्या गावात प्रत्येक घराने दरमहा २० रुपये दिल्यास वर्षाला २८ हजार ८०० रुपये जमतात. वर्षात सहा मृत्यू झाले, तर प्रत्येक प्रसंगी ४ हजार ८०० रुपये देता येतील. नऊ मृत्यू झाले, तर तीच रक्कम ३ हजार २०० रुपयांवर येईल. प्रत्येकी पाच हजारांचे वचन दिलेले असल्यास पहिल्या उदाहरणातही निधी अपुरा पडेल. ठरावीक रकमेची हमी न देता ‘निधीच्या मर्यादेत साह्य’ असा नियम ठेवणे कायद्याच्या दृष्टीने आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

वर्गणी केव्हा घ्यावी हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. दरमहा वर्गणीची पद्धत पगारदारांना सोयीची असते. पश्चिम भागात रोख पैसा उन्हाळ्यात हिरड्याच्या विक्रीनंतर आणि दिवाळीच्या सुमारास भाताच्या कापणीनंतर हाती येतो. तेव्हा वर्षातून दोन वेळा वर्गणी घेणे तेथे हितावह ठरेल. पूर्व भागात दूध संस्थेच्या बिलातून, सभासदाच्या लेखी संमतीने, छोटी रक्कम कापून घेता येईल. स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाची वर्गणी थकली म्हणून त्याला लगेच वगळण्याचा कठोर नियम असू नये.

निधी चालविताना पुढील पथ्ये पाळावीत :

१. निधी कोणा एका व्यक्तीच्या नावे किंवा घरात न ठेवता बँकेत अथवा पोस्टात संयुक्त खात्यावर ठेवावा. पैसे काढण्यास किमान दोघांची सही असावी व त्यांपैकी एक महिला असावी.

२. शक्य तेथे विद्यमान महिला बचत गटामार्फत किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करावे. बचत गटांच्या सभासदांनी मर्यादेत भरलेल्या वर्गणीस २०१९ च्या कायद्याने ठेवीच्या व्याख्येतून वगळले आहे.

३. प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी. कीर्द व खतावणी ठेवावी. वर्षातून एकदा ग्रामसभेत हिशेब वाचून दाखवावा.

४. तातडीच्या प्रसंगासाठी थोडी रोख रक्कम हाताशी ठेवण्याची मर्यादा ठरावाने निश्चित करावी. रात्री-अपरात्री कोणाकडे जावयाचे, त्या दोन व्यक्तींची नावे फलकावर लिहावीत.

५. निधीतून व्याजाने कर्ज देऊ नये. तसे केल्यास अंत्यविधीचा निधी सावकारीचे साधन बनतो.

६. साह्य देताना विधीच्या पद्धतीची, जातीची किंवा पक्षाची अट असू नये.

अशा निधीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे दरड कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला. वर्गणी देणारे आणि तिचा लाभ घेणारे एकाच डोंगराच्या पायथ्याशी राहत असतील, तर एका आघातात सगळेच सापडतात. अशा आपत्तीत गावनिधी पुरा पडू शकत नाही. ती जबाबदारी शासनाची आणि व्यापक विम्याची आहे. म्हणूनच गावनिधी हा विम्याला पर्याय नसून पूरक आहे.

पंचायतीचे कर्तव्य

ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या अनुसूचीत दहनभूमी व दफनभूमीची तरतूद, निगा आणि नियमन हे पंचायतीचे काम म्हणून नमूद आहे. यासाठी जनसुविधेच्या विशेष अनुदानातून शेड, रस्ता, संरक्षक भिंत अशी कामे घेता येतात. रोजगार हमी योजनेतही स्मशानशेडच्या बांधकामास स्थान आहे. डिंभे धरणात जुने आंबेगाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. धरणांमुळे वसलेल्या पुनर्वसित गावठाणांना द्यावयाच्या नागरी सुविधांतही स्मशानभूमीचा समावेश आहे. ज्या वस्तीला अद्याप अशी जागा नाही, तिने ग्रामसभेचा ठराव करून मागणी नोंदविली पाहिजे.

एका दहनास साधारणतः तीनशे ते पाचशे किलो लाकूड लागते. गावकऱ्यांनी घरटी लाकूड व गोवऱ्या आणून देण्याची जुनी रीत म्हणजे वस्तुरूपाने केलेली आगाऊ तरतूदच होय. आदिवासी पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कोरडे लाकूड मिळणे दुरापास्त असते. उन्हाळ्यातच दोन-तीन सरणांपुरता साठा स्मशानशेडजवळ झाकून ठेवल्यास ऐन पावसात कुटुंबाची होणारी धावपळ टळेल. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले आहे. त्यालगतच्या गावांनी लाकडाबाबत वनविभागाशी आधीच बोलणी करून लेखी व्यवस्था करून घ्यावी.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करणे १९६९ च्या कायद्याने आवश्यक आहे. मुदतीत केलेल्या नोंदीस शुल्क पडत नाही. विमा, कुटुंब लाभ योजना, बँक खाते आणि सात-बारावरील वारसनोंद या सर्वांची किल्ली म्हणजे मृत्यूचा दाखला. दशक्रियेला सारे गाव एकत्र जमते. त्याच सुमारास पंचायतीच्या कर्मचाऱ्याने किंवा शिक्षकाने त्या घरी जाऊन नोंद झाली का, विमा होता का, अर्ज कोठे करावयाचा, हे शांतपणे समजावून सांगितले तर ती खरी श्रद्धांजली ठरेल.

समारोप

अंत्यविधीची आगाऊ तरतूद करणे अशुभ आहे, ही समजूत हळूहळू मागे पडत आहे. मरणानंतर आपला भार मुलांवर पडू नये, असे वाटणाऱ्या वृद्धाची इच्छा आदरास पात्र आहे. त्या इच्छेचा पैसा कोणाच्या हाती जातो, हे पाहणे समाजाचे काम आहे. पैसा गोळा करणारा नोंदणीकृत आहे काय, पैसा कोठे ठेवला आहे, आणि भरणारा हयात नसताना त्याचा हिशेब कोण विचारील, हे तीन प्रश्न प्रत्येक योजनेला विचारले पाहिजेत. पहिल्या दोहोंची उत्तरे कागदपत्रांत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर ग्रामसभेने द्यावयाचे आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या गावांनी मृत्यूच्या प्रसंगी एकत्र येण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. वर्षातून एकदा हिशेबासाठीही एकत्र येण्याची सवय तिला जोडली, तर दुःखाच्या दिवशी कोणत्याही कुटुंबाला जमीन गहाण टाकावी लागणार नाही.